बाहुलीचे सांधे: जोर लावण्याआधी या चुका टाळा

बाहुलीचा पाय वाकवताना ‘कट्’ आवाज आला की आपल्या पोटात गोळा येतो. पण काही बाहुल्यांत तो आवाज यायलाच हवा. व्हिनाइल या मऊ, रबरासारख्या प्लास्टिकच्या पायात कडक प्लास्टिकचा सापळा असतो आणि त्याच्या गुडघ्यात दाते. एकेका दात्यावर ‘कट्’ होतं आणि पाय तिथे थांबतो.

बाहेरून सांधा दिसत नाही, घोळ तिथेच होतो. लोक पाऊल धरून पाय वाकवतात, तोही तिरका. सापळा मात्र एकाच दिशेने वळतो. बाजूने जोर बसला की तो आत तुटतो आणि पाय लुळा पडतो. कातडी न फाडता आत हात घालता येत नाही, त्यामुळे तो पाय गेलाच समजा. त्यापेक्षा एका हाताच्या चिमटीत गुडघ्याच्या लगेच वर धरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत लगेच खाली, आणि पाय सरळ मागे वाकवा. बसवून महिनोन्महिने ठेवू नका, गुडघ्यावर ताणलेलं व्हिनाइल चिरतं.

प्रत्येक बाहुली वाकेलच, हे गृहीत धरू नका. १९५९ सालच्या पहिल्या बार्बीचे गुडघे वाकतच नव्हते. वाकणारे पाय १९६५ साली आले. २०१५ च्या ‘मेड टू मूव्ह’ बार्बीला तर २२ सांधे आहेत. तिचे सांधे उघडे दिसतात, तरी कोपराशी झटापट होतेच. तिथे वाकणं बिजागरीचं आणि फिरणं वेगळं असतं. हात वाकत नसेल तर आधी तो थोडा फिरवून बिजागरीची दिशा जुळवा.

ढिल्या सांध्यात सुपरग्लू ओतायची चूक मी स्वतः केली आहे. खांदा घट्ट झाला, इतका की पुन्हा हललाच नाही. उखळीच्या सांध्यात, म्हणजे जिथे गोळा खाचेत फिरतो तिथे, गोळ्यावर पारदर्शक अॅक्रेलिक वॉर्निशचा पातळ थर द्यावा, पूर्ण वाळू द्यावा, मगच गोळा खाचेत बसवावा. इलॅस्टिकवर ओवलेल्या बाहुलीत हा उपाय फुकट जातो. तिथे इलॅस्टिकच बदलायचं.

हात किंवा डोकं काढायचं असेल तर गार प्लास्टिक ओढू नका, खुंटी तुटते. हेअर ड्रायरने व्हिनाइल मऊ होईपर्यंत कोमट करा. सांध्यांची बाहुली पाण्यात बुडवू नका. आत तार किंवा धातूची पिन असेल तर ती गंजते. आणि डाग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर? अजिबात नाही. त्यातलं अॅसिटोन ‘एबीएस’ नावाचं कडक प्लास्टिक विरघळवतं. जुने पाय चिकट लागतात ते बहुतेक वेळा मळामुळे नव्हे, व्हिनाइल मऊ ठेवणारं द्रव्य पृष्ठभागावर आल्यामुळे. ते साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. काही महिन्यांनी पुन्हा चिकट झाले तर पुन्हा पुसा.