बूम स्प्रेअरच्या कामात नवीन आलेल्यांसाठी: बूम लेव्हलला कसा ठेवायचा

बूम स्प्रेअर म्हणजे नोझल्स लावलेला लांब आडवा दांडा, म्हणजे बूम, घेऊन औषध फवारणारी गाडी, मधल्या फ्रेमच्या दोन्ही बाजूंना दुमडणारे भाग म्हणजे पंख. या कामाला नवीन लागलेला जवळपास प्रत्येक जण एकच गोष्ट करतो, पंख उघडले, एक टोक झुकलेलं दिसलं की लगेच पाना घेऊन टोकाकडच्या बोल्टकडे धाव. अरे थांबा जरा. टोकाला जे दिसतंय त्याचं मूळ बहुतेक वेळा मधल्या फ्रेमपाशी असतं, नाहीतर त्याच्याही खाली टायरमधे. मी आधी ही मशीन्स चालवायचो, आता दुरुस्ती बघतो, आणि हाताखाली कोणी नवीन आलं की पहिलं हेच सांगतो, म्हणून एकदा लिहूनच टाकतोय.

हिशोब करून बघा. पंख मधल्या फ्रेमला जिथे जोडलाय तिथल्या वरच्या आणि खालच्या पिनमधे समजा ३० सेंमी अंतर आहे, आणि पिन आणि ती ज्यात बसते ती बुश झिजून तिथे फक्त १ मिमी प्ले म्हणजे ढिलेपणा आलाय. पंख १२ मीटरचा असेल तर टोकाला त्या १ मिमीचे ४ सेंमी होतात. आणि हे उभ्या गाडीचं झालं, रानात चाक खड्ड्यात गेलं की ते टोक वर-खाली हापटायला लागतं ते वेगळंच.

आता ४ सेंमीने काय बिघडतं? तर नेहमीचं ११० डिग्रीचं फ्लॅट फॅन नोझल असेल आणि दोन नोझल्समधे ५० सेंमी अंतर असेल तर बूमची उंचीही साधारण ५० सेंमीच ठेवतात. एका नोझलचा फवारा मधे दाट आणि कडेला विरळ असतो, शेजारच्या फवाऱ्याची कड त्यावर चढली की मग कुठे सगळीकडे सारखं औषध पडतं. बूम फार खाली आला की ते ओव्हरलॅप मोडतं आणि पिकात पट्टे उमटतात, फार वर गेला की बारीक थेंब वाऱ्यावर शेजारच्या रानात. ८० डिग्रीचं नोझल असेल तर उंची ७५ सेंमीच्या आसपास लागते, कारण फवारा अरुंद. आणि ही उंची जिथे औषध पडायला हवं तिथून मोजायची, पीक असेल तर शेंड्यापासून, मोकळं रान असेल तर जमिनीपासून. हे खूप जण विसरतात.

तर क्रम असा ठेवा. गाडी सपाट जागी, दोन्ही बाजूच्या टायरमधे सारखी हवा, टाकी साधारण अर्धी भरलेली, पंख उघडे आणि पेंड्युलमचा, म्हणजे बूमला लोलकासारखं झुलू देणाऱ्या सस्पेन्शनचा, लॉक काढलेला. लॉक तसाच ठेवून लेव्हल बघितली तर त्याला काही अर्थ नाही. मग एक टोक हाताने खाली दाबा, सोडा, बूम स्थिर होऊ द्या, टेपने उंची मोजा. आता तेच टोक वर उचलून सोडा, परत मोजा. दोन्ही वेळा आकडा जवळपास सारखा आला तर सस्पेन्शन मोकळं आहे. दाबल्यावर खालीच राहतंय आणि उचलल्यावर वरच राहतंय असं दिसलं तर पिव्हट, म्हणजे बूम ज्यावर झुलतो तो सांधा, कोरडा पडलाय नाहीतर जाम झालाय, ग्रीस मारा, घासणाऱ्या पट्ट्या बघा, झोका आवरणारा डॅम्पर अडकलाय का बघा. हे न करता बोल्ट फिरवत बसलात तर दिवसभर फिरवाल.

पुढे-मागे हलण्याकडे तर कोणी बघतच नाही, आणि माझ्या मते जास्त नुकसान तिथेच होतं. गाडी ताशी ८ किमी म्हणजे सेकंदाला साधारण २.२ मीटर जातेय, धक्क्याने टोक सेकंदाला १.१ मीटरच्या वेगाने मागे झुललं की त्या क्षणी तिथला नोझल जमिनीवरून अर्ध्याच वेगाने जातोय, म्हणजे डोस दुप्पट. पुढे झेपावला की उलट, डोस कमी. तपासायला दोन माणसं लागतात, एकाने टोक धरून पुढे-मागे हलवायचं आणि दुसऱ्याने एकेका जॉइंटवर पिन आणि बुशच्या फटीवर फक्त बोटाचं टोक टेकवून बघायचं, डोळ्याला दिसत नाही तो खटका बोटाला लगेच कळतो. बोट फटीच्या आत घालू नका पण. सैल जॉइंट सापडला की पिन-बुश बदला, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून पंख सरळ आहेत का बघा, आणि आत्ता स्टॉप बोल्टला, म्हणजे उघडलेला पंख कुठे थांबतो ते ठरवणाऱ्या बोल्टला, हात लावा, लॉकनट विसरू नका.

पंख उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचं साधं आहे. सगळं करूनही एक बाजू हळूहळू खाली बसतेय का? इंजिन बंद करून टोकाची उंची मोजा, अर्ध्या तासाने परत मोजा. उतरली असेल तर सील किंवा व्हॉल्व्हमधून तेल मागे जातंय. अ‍ॅक्युम्युलेटर (दाबाखालच्या गॅसने धक्के झेलणारी बाटली) असेल तर प्रेशर सोडल्याशिवाय लाइन उघडायची नाही आणि त्यात नायट्रोजनच भरायचा, साधी हवा किंवा ऑक्सिजन अजिबात नाही.

नोझल सगळ्यात शेवटी. रंगावरून साइज कळतो, पिवळा ०२, निळा ०३, लाल ०४. निळ्यातून ३ बारला मिनिटाला १.२ लिटरच्या आसपास पाणी येतं. या १.२ ला ६०० ने गुणा आणि वेग गुणिले नोझलमधलं मीटरमधलं अंतर याने भागा, म्हणजे ताशी ८ किमी आणि अर्धा मीटर धरलं तर हेक्टरी १८० लिटर. प्रत्येक नोझलखाली मापाचा जग धरून एक मिनिट पाणी घ्या, नव्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त देणारं नोझल झिजलंय, बदला, आणि अशी बरीच निघाली तर पूर्ण सेटच बदललेला परवडतो. प्रेशर वाढवून भागवू म्हणाल तर पाणी दुप्पट करायला प्रेशर चौपट लागतं आणि थेंब बारीक होऊन उडतात, त्यापेक्षा मोठ्या साइजचं नोझल लावा. तुंबलं तर तार घालू नका, भोक बिघडतं, मऊ ब्रशने धुवा, ग्लोव्ह्ज घालून, आणि तोंडाने फुंकायचा विचारही नको.

पंख उघडताना खाली माणूस नको आणि वर विजेची तार नाही ना ते बघा, दुमडताना टोक वाटतं त्यापेक्षा बरंच उंच जातं. ग्रीस मारताना वेल्डच्या कडेने रंग फुटलेला किंवा गंजाची बारीक रेघ दिसली की तिथे क्रॅक आहे असंच समजा. अशा वेळी तिथेच वेल्डिंग मारून मोकळं होऊ नका, आधी क्रॅक का आला ते शोधा, बऱ्याचदा त्याच पंखाचा आतला जॉइंट सैल निघतो.