कॅमेरा कोरडा, कुंड्या ओल्या: घर बदलताना या चुका टाळा

फ्रीज, कपाट, पलंग यांची काळजी पॅकर्स-मूव्हर्सची माणसं घेतात, त्यांचं ते रोजचं काम आहे. अडतं ते छंदांच्या सामानापाशी. लेन्स, हार्ड डिस्क, जुने निगेटिव्ह, ट्रायपॉड आणि गॅलरीतल्या वीस-पंचवीस कुंड्या कुठल्याच खोक्यात धड बसत नाहीत, म्हणून त्यांचा विचार शेवटच्या रात्रीवर जातो. गाडीच्या धक्क्यांनी यातलं फार थोडं बिघडतं. खरं नुकसान आदल्या रात्रीच्या घाईत होतं, आणि त्याहून जास्त नव्या घरातल्या पहिल्या पंधरवड्यात, हवा-पाणी-ऊन एकदम बदलल्यामुळे.

तारीख ठरवताना दोन्ही छंद विसरणं

आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. जूनमध्ये राहायला आलात तर करार मेमध्ये संपतो, वाढवलात तर पुढचा एप्रिलमध्ये. म्हणजे दर वेळी तारीख एक महिना मागे सरकते. मे महिना कुंड्यांसाठी सगळ्यात वाईट आणि जुलै-ऑगस्ट लेन्ससाठी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोघांनाही मानवतात. मुलांची शाळा, नोकरी यांच्यापुढे हे कारण कुणी ऐकून घेणार नाही हे मान्य, पण करार वाढवताना महिनाभर इकडेतिकडे करायला घरमालक तयार असेल तर विचारून पाहायला काय हरकत आहे?

कॅमेऱ्याची बॅग आणि कुंड्या एकाच सीटवर

‘नाजूक सामान आपल्या गाडीतून नेऊ’ असं ठरतं आणि मागच्या सीटवर कॅमेऱ्याची बॅग, तिच्या शेजारी नुकतंच पाणी घातलेला मोगरा, पायापाशी तुळस अशी मांडणी होते. एका वळणावर कुंडी कलंडते आणि ओली माती बॅगेच्या चेनमध्ये जाते. कुंड्या डिकीत किंवा टेम्पोत, कॅमेरा माणसांबरोबर, इतकं साधं ठेवा. कॅमेरा ट्रकमध्ये मात्र देऊ नका. ट्रान्झिट इन्शुरन्स घेतला असला तरी कागद वाचून पाहा. झाडं त्यात बऱ्याचदा धरलेली नसतात, आणि बाहेरून खोकं शाबूत असताना आतलं इलेक्ट्रॉनिक्स बंद पडलं तर तेही नसतं.

जड लेन्स बॉडीला लावून नेऊ नये, दोन्ही जिथे जोडले जातात त्या माउंटवर ताण येतो. वेगळी करा, दोन्हीकडची टोपणं लावा. फ्लॅशमधले पेन्सिल सेल काढून ठेवा. सामान लावण्याच्या गडबडीत फ्लॅश महिनोन्‌महिने खोक्यात पडून राहतो आणि सेल गळून आतले पॉइंट हिरवे पडतात. ट्रायपॉडची क्विक रिलीज प्लेट (कॅमेरा ट्रायपॉडवर अडकवायची छोटी पट्टी) कॅमेऱ्याच्या तळालाच राहू द्या, सुटी ठेवली की ती हमखास हरवते.

हार्ड डिस्कचं गणित वेगळं आहे. दोन प्रती असूनही दोन्ही एकाच पिशवीत असतील तर ती एकच प्रत समजा. एक तुमच्याबरोबर, दुसरी वेगळ्या गाडीतून किंवा आईवडिलांच्या घरी. आणि प्रत केली म्हणजे झालं नाही. निघण्यापूर्वी ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून दहा-बारा फोल्डर उघडून पाहा. फिरत्या तबकडीची डिस्क चालू असताना हलवू नका. बंद केल्यावर तिचं हेड बाजूला जाऊन बसतं, मग प्रवास तिला बराच सोसतो.

भिंतीवरच्या जुन्या फ्रेममधले फोटो काचेला चिकटलेले असतील तर घर बदलायच्या निमित्ताने ते सोडवत बसू नका. वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा आणि फ्रेम तशीच गुंडाळा.

नव्या घराची हवा न तपासता लेन्स कपाटात ठेवणं

नुकताच रंग दिलेलं घर, ताजं प्लास्टर, नवं प्लायचं कपाट. दिसायला छान, लेन्सला वाईट. भिंती ओल सोडत असतात. कपाट बाथरूमच्या भिंतीला लागून असेल तर पावसाळ्यात त्याची पाठ कायम दमट राहते. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की लेन्सच्या आत बुरशी धरते, आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाचे चार महिने ती त्याहून वरच असते. ४० ते ५० टक्के ही लेन्ससाठी सुखाची पातळी. पार तीसच्या खालीही नेऊ नये, रबर आणि आतलं वंगण सुकतं.

ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं कपाट, असणाऱ्यांची चूक अशी की ते येतं पहिल्या दिवशी, पण त्याच्या जागेजवळ प्लग नसतो आणि इलेक्ट्रिशियन येतो पंधरा दिवसांनी. तोवर लेन्स बंद कॅबिनेटमध्ये दमट हवा घेऊन बसतात. मधल्या काळासाठी स्वयंपाकघरातला रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा एक छोटा हायग्रोमीटर एवढं पुरतं. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे पडले म्हणजे ते भरले. सुटे दाणे ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, त्यामुळे खाण्याची भांडी त्यासाठी वापरू नका. लेन्सबरोबर मिळालेली चामडी किंवा कापडी पाउच त्या डब्यात ठेवू नका, ती ओल धरते. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकून तिथेच कॅमेरा आणि निगेटिव्ह ठेवणारेही असतात. त्यांच्या वाफा प्लॅस्टिकला आणि फिल्मला बऱ्या नाहीत.

पावसाळ्यात घर बदलत असाल तर एसी गाडीतून उतरल्या उतरल्या बॅग उघडून रिकाम्या घराचा पहिला फोटो काढायचा मोह आवरा. थंड काचेवर बाहेरची दमट हवा लगेच दव धरते, ते आतल्या काचांवरही बसू शकतं. बॅग बंदच ठेवून तासभर थांबा.

बुरशीची शंका असली की मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका टोकाकडून आत पाडा आणि दुसऱ्या टोकाकडून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, सुटे ठिपके दिसले तर बहुधा धूळ, तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. लेन्स उन्हात ठेवण्याचा घरगुती उपाय करू नका. वंगण पातळ होऊन लेन्समधल्या अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येतं, आणि बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर ते भरून येत नाही. लवकर साफ करायला दिली तर काच वाचते.

‘पूर्वेची गॅलरी आहे’ यावर विश्वास ठेवणं

ब्रोकर सांगतो पूर्व, आणि समोरच्या विंगमुळे ऊन येतं साडेदहाला. घर पाहायला जाताना शक्य असेल तर सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमारास गॅलरीचे फोटो काढा. पण तेही त्या महिन्यापुरतंच खरं. पुणे-मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस म्हणतात ते हेच. मधल्या दोन-अडीच महिन्यांत भरदुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून उत्तरेच्या गॅलरीत जूनमध्ये ऊन पाहून घर घेणाऱ्याला डिसेंबरात ते दिसत नाही. उलट दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो, ऊन थेट खोलीत शिरतं, आणि मेमध्ये तीच गॅलरी वरच्या स्लॅबच्या सावलीत जाते.

इथे कॅमेरा बागेच्या उपयोगी पडतो, आणि गंमत म्हणजे हे फारसं कुणी करत नाही. जुन्या घरी झाड जिथे सुखात आहे तिथे एक पांढरा कागद ठेवा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) पक्कं करून कॅमेऱ्यातला प्रकाशाचा मीटर मध्यावर येईल असा शटर स्पीड बघा. समजा १/१००० आला. नव्या घरी त्याच वेळी, तशाच आकाशाखाली, तोच कागद आणि तीच सेटिंग. आता १/१२५ आला तर तीन स्टॉपचा फरक (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), म्हणजे प्रकाश एक अष्टमांश. डोळ्यांना हा फरक ‘थोडं कमी उजेड’ एवढाच वाटतो, कारण डोळे लगेच जुळवून घेतात. झाडाला ते जमत नाही. जास्वंद, गुलाब, मोगरा यांना चार-सहा तास थेट ऊन लागतं. एक अष्टमांश प्रकाशात ते जगतील, फुलणार नाहीत. अशा घरी जाणार असाल तर मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी घेऊन जा आणि गुलाब उन्हाच्या गच्चीवाल्या मित्राला द्या. मला हा सल्ला नकोसा वाटतो, पण गुलाब खुरटताना पाहणं त्याहून नकोसं.

कुंड्या हलवताना

१२ इंची मातीची कुंडी पाणी घातल्यावर सहज १५-२० किलो भरते. निघायच्या सकाळी पाणी घालणं ही सगळ्यात नेहमीची चूक. वजन वाढतं, चिखल गळतो, हमाल वैतागतात आणि कुंडी काठाला धरून उचलतात. पाणी आदल्या दिवशी सकाळी द्या. अडेनियम आणि निवडुंगांना चार-पाच दिवस आधीच बंद करा.

भाजीवाल्यांचे प्लॅस्टिक क्रेट मिळवा, लहान कुंड्या त्यात, मधल्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे. गुलाब आणि बोगनवेल जुन्या सुती साडीने किंवा ओढणीने सैलसर बांधा. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेलं झाड उन्हात आतल्या आत शिजतं. बंद कंटेनरही उन्हात उभा राहिला की तसाच. उघड्या टेम्पोत वाऱ्याने पानं सुकतात, वर ग्रीन नेट टाका आणि शक्यतो पहाटे निघा. पुण्याहून नागपूरसारखा लांबचा प्रवास असेल तर मोठ्या कुंड्यांचा नाद सोडा. दीड-दोन महिने आधी फांद्या लावून ठेवा. जास्वंद, मोगरा, गुलाब फांदीपासून येतात, तुळशीच्या मंजिऱ्या कागदाच्या पुडीत जातात, आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी फुटलेलं पिल्लू मुळासकट काढता येतं.

‘हलवतोच आहोत तर कुंडीही बदलू’ हा विचार आवरा. प्रवास, नवी हवा आणि तुटलेली मुळं एकदम झाली की झाड कोलमडतं. कुंडी बदलायची तर जाण्यापूर्वी महिनाभर आधी, नाहीतर नव्या घरी नवी पालवी फुटल्यावर.

पहिल्या पंधरवड्यातला घोटाळा

पानं पिवळी पडून गळू लागली की माणूस घाबरतो, जास्त पाणी घालतो, वर खताचा डोस. दोन्ही उलटं. कमी प्रकाशात झाड पाणी कमी ओढतं, माती ओली राहते, मुळं सडतात. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडी लागली तरच पाणी. खताला महिनाभर सुट्टी. फायकस तर जागा बदलली की अर्धी पानं टाकतो, ते त्याचं नेहमीचंच आहे, थांबा.

कोणती पानं पिवळी होतायत ते नीट पाहा. खालची जुनी असतील तर बहुधा प्रकाशाचा किंवा पाण्याचा बदल. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, नव्या सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर असं होतं. कुंडीच्या बाहेर पांढरा थर धरू लागला तर खात्रीच समजा. पावसाचं पाणी साठवून द्या किंवा लोहाचं चिलेट (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) वापरा. आरओचं वाया जाणारं पाणी रोज कुंड्यांना घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

पानांवर पांढरट-तपकिरी कोरडे डाग आले असतील तर ते ऊन लागल्याचे. सावलीतली झाडं पश्चिमेच्या गॅलरीत एकदम ठेवली की हे होतं. दहा-पंधरा दिवसांत हळूहळू पुढे सरकवा. वरच्या मजल्यांवर वारा हे आणखी एक दुखणं. बाराव्या मजल्यावर कुंडी तळमजल्याच्या मानाने खूप लवकर सुकते, आणि कठड्यावर ठेवलेली कुंडी खाली कुणाच्या तरी डोक्यात पडू शकते. ती गॅलरीच्या आत, जमिनीवरच.

पिठ्या ढेकूण प्रवासात सगळ्या कुंड्यांना वाटला जातो. पानांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर ती कुंडी वेगळी ठेवा, निदान दोन आठवडे.

फोटो काढले, पण पुराव्याला निरुपयोगी

जुनं घर रिकामं झाल्यावर भिंती, नळ, गॅलरीची फरशी आणि वीजमीटरचं रीडिंग यांचे फोटो बहुतेक जण काढतात, आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मूळ फाइल उडवतात. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबतं आणि त्यातली वेळ-तारखेची माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फाइलही ठेवा. कुंड्यांच्या तळाचे गोल डाग हा डिपॉझिट कापायचा आवडता मुद्दा असतो. ते घासून काढल्यावर फरशीचा जवळून एक आणि पूर्ण गॅलरीचा एक असे दोन फोटो घ्या. अल्ट्रावाइडने काढलात तर कडा ताणल्या जातात आणि डाग आहे की नाही हेच कळत नाही, साध्या १एक्सवर काढा. नव्या घरात शिरतानाही तसेच फोटो, विशेषतः गॅलरीच्या छताचे. वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांची ओल तुमच्या छतात आधीपासूनच असेल, तर ती तुमच्या नावावर लागू नये.