बाळाचा दंडघेर घरी कसा मोजायचा

अंगणवाडीत दंड मोजून कुपोषण ओळखायची ती लाल-पिवळी-हिरवी पट्टी बघितली असेल ना, ती फक्त ताईंनीच वापरायची असं काही नाहीये. नायजरमध्ये ती आयांच्या हातात दिली तर त्यांनीही आरोग्य कर्मचाऱ्यांसारखंच नीट मोजलं. मेळघाटात, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावसाळ्यात पाड्यावर पोचणं अवघड होतं, तेव्हा तर घरातल्या कुणाला तरी हे यायलाच पाहिजे.

वय 6 महिने ते 5 वर्षं. बाळाला मांडीवर घ्या, डावी बाही पूर्ण काढा. कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या टोकाच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत दोरा धरा, तो दुमडला की मध्य मिळतो, तिथे पेनने टिंब द्या. आता हात सरळ करून सैल सोडायचा. इथेच बरेच जण चुकतात, वाकवलेल्या हातावरच पट्टी लावतात आणि माप चुकतं. त्या टिंबावर दंडाभोवती पट्टी ओवून कातडीला सगळीकडून टेकेल एवढीच ओढा, कातडीला वळी पडली तर घट्ट झाली, खालून बोट गेलं तर सैल. बाळ रडून हात ताठ करत असेल तर दूध पाजा, शांत झालं की मोजा, आणि दोनदा मोजाच, कारण एकदोन मिलीमीटरने रंग बदलतो.

12.5 सेंटीमीटर आणि वर हिरवा, 11.5 ते 12.5 पिवळा, 11.5 च्या खाली लाल म्हणजे सॅम, तीव्र कुपोषण.

पण हिरवा आला म्हणून लगेच उठू नका, पाय बघा. दोन्ही पावलांवर अंगठ्याने 3 सेकंद दाबून धरा, दोन्हीकडे खळगा तसाच राहिला तर ती सूज आहे, आणि पट्टी काहीही म्हणो, हेही तीव्र कुपोषणच. एका पाड्यावर आजी कौतुकाने सांगत होती की नातू आता भरलाय, मी पाय दाबला तर खळगा भरेचना, अजून आठवलं की पोटात कालवतं.

लाल किंवा सूज असेल तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात दाखवा. घरी एकदम खूप खाऊ घालू नका, अशा बाळाला ते जिवावर बेतू शकतं, अंगावरचं दूध मात्र चालू ठेवा. ताप, सुस्ती किंवा खाणंच सोडलं असेल तर एनआरसीत, म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्रात, भरतीच लागते, मजुरी बुडेल म्हणून टाळू नका प्लीज. पिवळा असेल तर ताईंना सांगून ठेवा, खिचडीत चमचाभर तेल, शेंगदाण्याचं बारीक कूट, जमेल तेव्हा अंडं, आणि दर आठवड्याला त्याच डाव्या दंडावर परत पट्टी.