कुंडीवरची पांढरी पापडी: बोअर-टँकरच्या पाण्यावर झाडं जगवताना या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला मार्च लागल्याचं कॅलेंडर न बघताच कळतं. सोसायटीच्या ग्रुपवर ‘आज पाणी एकच वेळ’ असा मेसेज येतो, गेटवर टँकर लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत माझ्या मोगऱ्याची नवी पालवी पिवळी पडायला लागते. पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या, जाळी विणल्यासारख्या. मातीवर पांढरी पापडी धरते. मातीच्या कुंडीला बाहेरून मिठागराच्या बांधावर असते तशी पांढरी रेघ उमटते. पहिली दोन वर्षं मी हे सगळं उन्हाच्या नावावर खपवलं.

पाणी कुठलं आहे ते न बघता उपाय सुरू करणं

‘आमच्याकडे पाणीच जड आहे’, म्हणजे त्यात क्षार फार आहेत, असं सरसकट बोललं जातं, पण ते अर्धंच खरं. ठाण्याला भातसा नदीचं पाणी येतं, नवी मुंबई महापालिकेचं मोरबे धरणातून येतं. दोन्हीकडे सह्याद्रीत पडलेला पाऊसच साठवलेला, त्यामुळे क्षार बेताचेच. जडपणा येतो तो बोअर आणि टँकरमधून. सोसायटीच्या खालच्या टाकीत सगळं एकत्र होतं, म्हणून नळ तोच असला तरी पाणी सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरंच.

शाळेत ‘दुष्फेन पाणी’ शिकलो होतो, ते इथे कामाला येतं. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा कीस टाका आणि हलवा. फेस न होता पाणी गढूळ झालं, वर साका तरंगला, तर पाणी जड. भांड्याचं लिक्विड किंवा शाम्पू वापरू नका, त्यांना जड पाण्यातही फेस येतो आणि आपण निर्धास्त होतो.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा स्वस्तातला टीडीएस मीटर घेतला तर उत्तम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. आमच्या नळाला पालिकेच्या दिवशी 90च्या आसपास आकडा दिसतो, टँकरच्या दिवशी 600च्या पुढे. मात्र मीटर फक्त एकूण क्षार मोजतो, ते कॅल्शियमचे आहेत की मिठाचे ते सांगत नाही. खाडीच्या बाजूच्या बोअरला मचूळ चव असेल तर ते मीठ, आणि त्यावर लिंबू-व्हिनेगरचा काही इलाज नाही. ते पाणी झाडांना न देणं हाच उपाय.

पान पिवळं दिसलं की खत घालणं

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा केली. जड पाण्यातल्या बायकार्बोनेट या क्षारामुळे कुंडीतल्या मातीचा पीएच हळूहळू चढतो, म्हणजे माती अल्कलीकडे झुकते. मातीत लोह असतं, पण चढलेल्या पीएचला ते मुळांना उचलता येत नाही. म्हणून आधी नवी पानं पिवळी पडतात. मोगरा, जास्वंद, गंधराज, एक्झोरा यांच्यावर हे लवकर दिसतं. खाली जुनी पानं पिवळी आणि वरची हिरवी असतील तर कारण दुसरं, बहुधा नत्राची कमतरता.

अशा कुंडीत रासायनिक खत टाकणं म्हणजे क्षारांत क्षार. अंड्याची टरफलं आणि चुलीची राख तर नकोच. टरफलं कॅल्शियमची, राख अल्कलीची, आणि या दोन्ही गोष्टी नळातून फुकट येतच आहेत. एप्सम सॉल्टची सध्या फार चलती आहे. पण त्यातून मॅग्नेशियम मिळतं, लोह नाही.

मी काय करते? बायकार्बोनेट मोडायला टँकरच्या पाण्याच्या दहा लिटर बादलीत चहाचा पाव चमचा लिंबूसत्त्व विरघळवते. पालिकेच्या पाण्यात अजिबात नाही, तिथे त्याची गरज नसते. फारच पिवळं पडलं तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, तेही पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं. ‘ईडीटीए’वालं स्वस्त असतं, पण पीएच चढलेल्या मातीत ते टिकत नाही. पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. नवी पालवी कशी येते ते बघायचं.

थोडं थोडं पाणी घालणं

ग्रिलमधल्या बागेची खरी गोम इथे आहे. खाली पाणी पडू नये म्हणून आपण रोज तांब्याभर पाणी घालतो. पाणी उडून जातं, क्षार कुंडीतच राहतात. रोज एक चिमूट साठत जाते आणि मे महिन्यात पानांची टोकं करपलेली दिसतात. मग ‘उन्हाने पोळलं’ म्हणत आपण आणखी एक तांब्या घालतो!

कुंडी मधूनमधून धुवून काढावी लागते. पालिकेचं पाणी आलं त्या दिवशी, आधी वरची पापडी खरवडून, कुंडीच्या आकाराच्या दुप्पट पाणी सावकाश ओतायचं आणि खालून निथळू द्यायचं. बशीत जमलेलं पाणी फेकायचं, नाहीतर माती तेच परत शोषून घेते. मी पहिल्यांदा हे उत्साहाने ग्रिलमध्येच केलं. पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरून काकूंचा आवाज आला, “अगं, आत्ताच चादरी वाळत घातल्यात मी!” तेव्हापासून कुंड्या बाथरूममध्ये जातात, टँकरच्या महिन्यांत दर तीन आठवड्यांनी एकदा. मोठी जड कुंडी उचलवत नसेल तर खाली पसरट टब ठेवून करता येतं, फक्त टब भरला की लगेच रिकामा करायचा.

बाकीच्या, पटकन

पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर थोडा क्लोरीन उडतो, क्षार तिथेच राहतात. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालणं चांगल्या मनाने केलं जातं, पण त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला वापरा. सोसायटीत सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवलेला असेल आणि त्यासाठी मिठाच्या गोण्या येत असतील तर सावध राहा. तो कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतो. नळाला पांढरे डाग पडत नाहीत म्हणून आपण खूश, झाडाला मात्र सोडियम जास्त नकोसा. अशा वेळी सॉफ्टनरच्या आधीचा नळ कुठे आहे ते प्लंबरदादांना विचारून घ्या.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ बिनक्षारी असतं. बादली लावून ते टँकरच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलं की काम भागतं. मे महिन्यात आमच्याकडे रात्रीत अर्धी बादली सहज भरते. गंधराज तेवढ्यावरच जगतोय.

जूनमध्ये बाहेरच्या कुंड्या पाऊसच धुवून देतो. ग्रिलवर छज्जा किंवा पत्रा असेल तर आतल्या कुंड्यांना तो मिळतच नाही, भर पावसात त्या टँकरच्याच पाण्यावर असतात. आम्ही त्या पाळीपाळीने गच्चीवर नेतो, वॉचमनदादांना सांगून. पहिल्या सरीत नाही, तेव्हा गच्चीवरची धूळ वाहत असते. दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर.