इंग्लंडात गोऱ्या मित्रांना पहिल्यांदा करी खायला नेताय? मग या चुका टाळा

ऑफिसात कुणाला तरी कळतं की आपण इंडियन, आणि मग कधीतरी शुक्रवारी संध्याकाळी ठरतं की चला करी खायला जाऊ, आणि टेबलावर बसल्यावर मेनू थेट आपल्या हातात येतो, तूच दे ऑर्डर, तुला सगळं माहिती असेल. इथेच आपण फसतो. कारण खरं सांगायचं तर आपल्याला त्या मेनूतलं काहीही माहिती नसतं, फक्त नावं ओळखीची वाटतात.

माझंच सांगतो. दोन कलीग होते, दोघांनी आयुष्यात कधी करी खाल्ली नव्हती (असे लोक अजून सापडतात, विशेषतः छोट्या गावातून आलेले). मी विचार केला तिखट नको, म्हणून जालफ्रेझी मागवली. आपल्याकडे हॉटेलात व्हेज जालफ्रेझी म्हणजे ढोबळी मिरची, टोमॅटो, जराशी आंबटगोड, लग्नाच्या बुफेत लहान पोरंपण खातात. इथली जालफ्रेझी म्हणजे उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, मूठभर. एकाचा चेहरा अक्षरशः लालबुंद झाला आणि तो गटागट पाणी प्यायला लागला, मी बसलोय कोरमा चाटत. नंतर महिनाभर मला ऐकून घ्यावं लागलं.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, नावावरून आपल्या घरची चव धरून चालणं. ब्रिटनमधल्या जुन्या पद्धतीच्या करी हाऊसमध्ये नाव हे बरंचसं तिखटाचं माप असतं. कोरमा सगळ्यात सौम्य, क्रीम-नारळ-साखर. भुना (परतून घट्ट केलेला मसाला) आणि दोपियाझा (भरपूर कांदा) हे मधल्या तिखटाचे. मद्रास तिखट, विंडालू त्याच्यावर, आणि फाल म्हणजे पैज लावून खायची गोष्ट. मद्रास नावाची करी चेन्नईत शोधायला गेलात तर मिळणार नाही. विंडालू तर आपल्या गोव्याचा, पोर्तुगीजांच्या व्हिनेगर-लसणाच्या मांसावरून आलेला, त्याचा खरा जीव आंबटपणात आहे, पण इथे बऱ्याच ठिकाणी तो नुसता जाळ असतो आणि वर त्यात बटाटा, बहुतेक ‘आलू’ ऐकून कुणीतरी टाकला असावा. धनसाकमध्ये कधीकधी अननस निघतो. मुंबईतल्या पारशी मित्राला हे सांगितलं तर तो आधी हसेल, मग चिडेल, कारण त्यांच्याकडे धनसाक म्हणजे मटण, डाळी, ब्राऊन राइस, कचुंबर, रविवारची झोप, आणि शुभकार्याला तर ते करतही नाहीत.

पण म्हणून टेबलावर बसून ‘हे काही खरं इंडियन नाही हं’ असं लेक्चर द्यायचं नाही, ही दुसरी चूक आणि ती मी आपल्याच लोकांना सगळ्यात जास्त करताना बघितलीय. ही हॉटेलं बऱ्याचदा बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या लोकांनी उभी केलीत, आणि त्यांनी इथल्या गिऱ्हाइकाला झेपेल असा एक वेगळाच स्वयंपाक तयार केलाय. 2001 साली इथले परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक भाषणात म्हणाले होते की चिकन टिक्का मसाला ही आता खरीखुरी ब्रिटिश राष्ट्रीय डिश आहे. तर पहिल्यांदा खाणारा टिक्का मसाला मागत असेल तर मागू दे, नाक मुरडू नका. बर्मिंगहॅममध्ये असाल तर बाल्टी खायला न्या, 1970 च्या दशकात तिथल्याच पाकिस्तानी-काश्मिरी हॉटेलवाल्यांनी ती लोकप्रिय केली, पातळ स्टीलच्या ज्या कढईत शिजते त्यातच समोर येते आणि भाताबरोबर नव्हे, नानने खायची. आपल्या बादलीवरून जोक मारून झाला की मग गप खा.

आता ऑर्डर कशी द्यायची. ‘सगळ्या करी सारख्याच लागल्या’ ही तक्रार नंतर येतेच येते, आणि ती खोटी नसते. किचनमध्ये कांदा, थोडं आलं-लसूण, टोमॅटो शिजवून वाटलेली एकच ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात तयार असते आणि बहुतेक करी त्यातूनच दहा मिनिटांत होतात. तुम्ही तीन रस्सेवाले मसाले मागवले की तिन्ही बहिणी-बहिणी निघणार. म्हणून वेगवेगळ्या जातीचं मागवा. एक तंदूरमधलं कोरडं, चिकन टिक्का किंवा लँब चॉप्स, जे कुणालाही आवडतं आणि ज्यात रस्सा नाही. एक मलईदार, कोरमा नाहीतर टिक्का मसाला. एक अंगाबरोबर मसाला असलेली, भुना किंवा रोगन जोश. आणि एक तडका डाळ किंवा साग आलू, हे विसरू नका, लसणाचा तडका दिलेली साधी डाळच पहिल्यांदा खाणाऱ्याला कित्येकदा सगळ्यात जास्त आवडते.

चौघांना तीन करी, एक भाजी किंवा डाळ, दोन पुलाव, दोन नान, बास. इथे लोकांना प्रत्येकी एक करी, एक भात, एक नान मागवायची सवय असते आणि मग निम्मं टेबल उरतं. आधीच सांगून ठेवा की आपण मध्ये ठेवून वाटून खाऊया. पेशावरी नान गोड असतो, खोबरं, मनुका, बदाम घातलेला, तो गंमत म्हणून एक ठीक, पण मटणाबरोबर सगळ्यांसाठी तोच नको.

पापडांचंही तेच. बसल्या बसल्या पापड आणि चटण्यांचा ट्रे येतो, बऱ्याचदा त्याचे माणशी पैसे लागतात, आणि भुकेलेली मंडळी त्यावरच पोट भरून टाकतात. त्या ट्रेमधलं लिंबाचं लोणचं नवखा माणूस जॅमसारखं चमचाभर उचलतो, त्याला वेळीच थांबवा. कांदाभजीही मागवतात सगळे, पण ती आपली कुरकुरीत खेकडा भजी नव्हे, टेनिस बॉलएवढा गोळा असतो, दोघांत एक पुरतो.

ऑर्डरच्या आधी दोन प्रश्न विचाराच, काय खात नाही आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे. कोरमा, पसंदा (तीही मलईदार सौम्य करीच), पेशावरी नान यात बदाम किंवा काजू असतो, टिक्का मसाल्यातही असू शकतो, आणि स्वस्त पडतं म्हणून काही ठिकाणी बदामाच्या पावडरऐवजी शेंगदाण्याची वापरल्याचे प्रकार इथे जिवावर बेतलेत. वेटरला स्पष्ट विचारायचं, लाजायचं नाही, ‘थोडंसं चालेल’ वगैरे आपला खाक्या इथे अजिबात चालवायचा नाही.

आणि एवढं करूनही कुणाला तिखट लागलंच तर पाणी देऊ नका, बिअर तर नकोच. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तो नुसता तोंडभर फिरतो. रायता, लस्सी, साधं दूध काहीही मागवा. ताटातली करी तिखट असेल तर त्यात कोरम्याचे दोन चमचे कालवून द्या, मी आता हे सर्रास करतो, वेटर बघत राहतात पण माणूस जेवतो.

उरलं की पार्सल मागा, मागायला काही वाटून घेऊ नका, इथे सगळे नेतात. फक्त भात रात्रभर बाहेर ठेवू नका, घरी गेल्या गेल्या फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी थंडच संपवा, हॉटेलात तो आधीच एकदा गरम केलेला असू शकतो, म्हणून परत गरम करू नका. भुना मात्र दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो, तो मी कलीगला देत नाही, स्वतःच नेतो.