डिपॉझिट अडकलंय? चावी दिली त्या तारखेपासून मोजायला लागा

मी जळगावच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये हिशेब बघते. दिवसभर बिल्ट्या, काटापट्ट्या, व्हाउचर. वीस रुपयांच्या हमालीची सही राहिली तर मी माणसाला गेटवरून परत बोलावते. आणि तीच मी, 31 मे 2024 ला पिंप्राळ्यातल्या भाड्याच्या घराची चावी घरमालकांच्या सुनेच्या हातात टेकवली आणि टेम्पोत जाऊन बसले. ना सही, ना पावती. सकाळचे साडेनऊ वाजले होते, पत्रा तापला होता, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

डिपॉझिट तीस हजार, भाडं सात हजार. घरमालक काका अमळनेरकडचे, गोड बोलणारे. "दिसू ना ताई, मी कोठे जास!" म्हणजे देईन ना, मी कुठे जातोय. जून गेला, जुलै गेला. काका कुठेही गेले नाहीत, पैसेही काकांजवळून हलले नाहीत.

माझी लाज राखली ती एका सवयीने. निघताना मी लाईटच्या मीटरचा फोटो काढला होता, शेवटचं बिल किती येईल ते बघायला. फोटोत आकडा स्वच्छ दिसत होता, मोबाईलमध्ये तारीख-वेळ होती. तोच फोटो काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून लिहिलं होतं, "काका, चावी वहिनींकडे दिली. रीडिंग पाठवते." त्यांनी अंगठा दाखवला होता. माझ्या सगळ्या प्रकरणाचा पाया म्हणजे तो अंगठा. तुम्ही एवढ्यावर विसंबू नका. साध्या कागदावर चार ओळी लिहून न्या: अमुक तारखेला घराचा रिकामा ताबा व इतक्या चाव्या मिळाल्या, मीटर रीडिंग इतकं, भाडं अमुक महिन्यापर्यंत पूर्ण मिळालं, डिपॉझिट इतके रुपये देणे बाकी. खाली मालकाची सही. सही द्यायला कां-कूं केली तर तिथेच उभं राहून हाच मजकूर त्यांना मेसेज करा. आणि सामान हलल्यावर रिकाम्या खोल्यांचा सलग व्हिडिओ घ्या: भिंती, नळ, संडास, खिडक्यांच्या काचा.

खिडकी तर नीटच घ्या, कारण आपल्याकडे खिडकी म्हणजे कूलर. ऑगस्टमध्ये काकांनी मला वहीच्या पानावर हिशेब दिला: रंग 12,000, कूलरचे डाग 6,000, साफसफाई 2,000, लाईट बिल 1,840. म्हणजे माझ्या हातात 8,160. कूलरचे डाग खोटे नव्हते. स्टँडखाली बोअरच्या पाण्याचे पांढरे ओघळ होते, त्यात गंजाची एक तांबडी रेघ, हातभर लांब. पण तो स्टँड मी यायच्या आधीपासून तिथे होता आणि रेघही होती. हे दाखवायला माझ्याकडे राहायला आले त्या दिवसाचा फोटो नव्हता. घर घेतानाचे फोटो घर सोडतानाच्या फोटोंइतकेच कामाचे, हे मला सहा हजारांच्या आकड्याने शिकवलं.

काय कापता येतं आणि काय नाही, ते आधी करारात बघा. थकलेलं भाडं, तुमच्या वापराचं वीजबिल, तुमच्याकडून फुटलेलं बेसिन, हे कापणं रास्त. वापरून भिंत मळली, नळाचा वायसर गेला, ही रोजची झीज. ती भाड्यातच आली. "घर सोडताना रंगाचा खर्च भाडेकरूकडे" अशी अट करारात असेल तर मात्र भांडायला फारशी जागा उरत नाही. माझ्या करारात ती नव्हती. काका म्हणाले, सगळेच घेतात. मी म्हटलं, घेत असतील.

दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही, असा मेसेज तुम्हालाही आला असेल. तो आदर्श भाडेकरू कायदा केंद्राने 2021 मध्ये राज्यांपुढे नमुना म्हणून ठेवला. आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999. त्यातलं कलम 55 पाठ करून ठेवा. करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो केला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्याकडे अर्ध्या गावाचे करार नोटरी करून कपाटात पडलेले असतात. माझाही तसलाच होता आणि मी त्याच्याकडे आपली चूक म्हणून बघत होते. वकिलीणबाई हसल्या. म्हणाल्या, "ताई, ही चूक त्यांची आहे, तुमची नाही."

आता पत्र. फोन बंद करा, कारण तोंडी "देऊ" ने काहीच वाढत नाही. मुदत कायद्याने रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांत दावा लागतो, आणि त्या तीन वर्षांत मालकाने सही करून लेखी कबुली दिली तरच मुदत नव्याने सुरू होते. वकिलाची नोटीस द्यायच्या आधी मी स्वतःच मराठीत एक पानी पत्र पाठवलं: कराराची तारीख, डिपॉझिट कधी आणि कसं दिलं, चावी कधी दिली, रीडिंग किती, कुठली कपात मान्य आणि कुठली अमान्य. शेवटी: "हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत रुपये 28,160 खालील खात्यात जमा करावेत, अन्यथा या पत्राच्या तारखेपासून व्याजासह वसुलीची कारवाई करावी लागेल." व्याजाची ओळ गाळू नका. 1978 च्या व्याज कायद्यानुसार लेखी मागणीत व्याजाचा उल्लेख असेल तर तेव्हापासूनचं व्याज मागता येतं. मान्य असलेलं लाईट बिल मी आधीच वजा केलं, आणि त्याने माझंच पारडं जड झालं.

मी तेव्हा रजिस्टर एडी केलं, म्हणजे पोचपावतीचं रजिस्टर पोस्ट. आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलंय, तेव्हा स्पीड पोस्ट पोचपावतीसह करा आणि पाठवल्याची पावती जपा. "घेण्यास नकार" असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका. तसंच बंद ठेवा. कोर्टात ते बंद पाकीटच बोलतं.

पोलिसांत जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण ठाणे अंमलदार तुम्हाला "हा दिवाणी मामला" एवढंच सांगून चहा पाजेल.

मुंबई-पुण्याला यासाठी लघुवाद न्यायालय आहे. जळगाव-धुळ्याला त्या नावाची पाटी शोधत फिरू नका; आपल्याकडे असला दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे चालतो. मालक नाशिकला राहायला गेला असला तरी घर जिथे आहे तिथल्या कोर्टात दावा लावता येतो. पण लगेच दावा लावायच्या आधी त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे जा. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही. फोन करायचा तर 15100.

तिथे मी दाखलपूर्व अर्ज दिला, म्हणजे दावा न लावता लोकअदालतीत समेटासाठी. साधा कागद, सोबत झेरॉक्स, कोर्ट फी नाही. ऑफिसातून काकांना नोटीस गेली आणि तिसऱ्या दिवशी, दोन महिन्यांत पहिल्यांदा, काकांनी स्वतःहून फोन केला. "कोर्टाचा कागद कशाला पाठवला ताई, घरचंच होतं ना!"

लोकअदालतीत एक अडचण आहे: समोरचा आला नाही किंवा तयार झाला नाही तर तिथे निकाल लागत नाही. पण तडजोड झाली तर तिचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या, म्हणजे निकालाच्या, तोलाचा असतो आणि त्यावर अपील नाही. आमच्या टेबलावर बसलेल्या साहेबांनी वहीचं पान वाचलं, रंगाच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "याचं बिल?" काकांकडे नव्हतं. मी कूलरच्या भिंतीपोटी 2,160 सोडायला तयार झाले, म्हणजे गोल आकडा झाला, 26,000. दहा हजार तिथेच मोबाईलवर, सोळा हजारांचा चेक. चेक घेताना सावध राहा. न वटता परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून त्यांना 15 दिवस, आणि तेही गेले की पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. यातली एक तारीख चुकली तर तो रस्ता अवघड होऊन बसतो.

तुमचं तिथे जमलं नाही तर दावा. करारात रक्कम आणि परतीची अट लेखी असेल तर वकिलाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 37 खालचा समरी दावा होईल का, ते विचारा. त्यात समन्स मिळाल्यावर 10 दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचावासाठी कोर्टाची परवानगी मागावी लागते, म्हणून तारखांवर तारखा कमी पडतात. कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर भरायची. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट द्यायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे ते कुठल्या फोनमधून कसे काढले हे सांगणारं, प्रमाणपत्र सोबत लागतं. ते जोडलं नाही तर समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. फोन विकू नका, चॅट पुसू नका. आणि निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही. मालक तरीही देत नसेल तर दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायची, त्यात बँक खातं जप्त करता येतं. हुकूमनाम्याला त्यासाठी 12 वर्षं आहेत.

माझा चेक वटला. काका आता बाजारात दिसले की नमस्कार करतात, मीही करते. नवीन घरात शिरायच्या दिवशी मी खिडकीखालच्या भिंतीचे अकरा फोटो काढले. नवीन मालकीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, तिथे तर काहीच नाही."

"तेच काढतेय," म्हटलं.