तो तानपुरा नाही! जुनं पाश्चात्त्य संगीत ऐकताना या चुका टाळा

महिन्यातून एकदा आमच्याकडे पाच-सात जण जमतात आणि आम्ही चांटपासून (चर्चमधलं जुनं लॅटिन गायन) ते अठराव्या शतकातल्या बाख या जर्मन संगीतकारापर्यंतचं काहीबाही ऐकतो. नवा माणूस आला की पहिल्या अर्ध्या तासात त्याच त्या चुका. आता मी चहा गाळता गाळता त्या मोजतो.

पहिली: "किती शांत वाटतं ना! झोपताना लावायला छान." ग्रेगोरियन चांट लोक उदबत्तीसारखा लावून ठेवतात आणि स्वयंपाकाला लागतात. अहो, ते शब्द आहेत! लॅटिन स्तोत्र एकाच सुरावटीत म्हटलेलं. साथ नाही, तालाचा ठेका नाही, श्वास घ्यायचा तो वाक्य संपलं की. अर्थ माहीत नसेल तर उरतो फक्त गुणगुणाट. मी कागदावर लॅटिन ओळ आणि खाली मराठी अर्थ लिहून प्रत्येकाच्या हातात देतो. दोन-तीन मिनिटांचा चांट, तीनदा. कंटाळा यायचाच तर दुसऱ्यांदा ऐकताना यावा, पहिल्यांदाच नको.

आता माझी स्वतःची फजिती. पेरोतँ हा पॅरिसच्या नोत्र दामचा संगीतकार. त्याची 'विदेरुंत ओम्नेस' ही चार आवाजांची रचना 1198 च्या सुमारासची मानतात. सुरुवातीलाच खाली एक लांबच लांब सूर आणि वर तीन आवाज तीन-तीनच्या झुल्यात हेलकावे घेत नाचतायत. पहिल्यांदा ऐकलं आणि मी जाहीर केलं, "हा त्यांचा तानपुरा!" पुढे वर्षभर येईल त्याला हेच ऐकवलं. लोक माना डोलवायचे, मीही खूश.

मग एकदा गोव्याचा एक मित्र आला. लहानपणी चर्चच्या कॉयरमध्ये म्हणजे गायकवृंदात गायलेला, स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वर्तमानपत्रासारखं वाचणारा. माझं प्रवचन त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तानपुरा मधेच सूर बदलतो काय रे?" मी गप्प. त्याने रचना थांबवली आणि आधी मूळ चांट लावला: नाताळच्या मिस्सामधला (चर्चमधला प्रार्थनाविधी), 'पृथ्वीच्या सर्व सीमांनी आमच्या देवाने केलेलं तारण पाहिलं' अशा अर्थाचा. मग पुन्हा पेरोतँ. तेव्हा कळलं, खालचा आवाज तोच चांट गातोय, फक्त एकेक सूर ओढून ओढून. 'विदेरुंत'मधला 'वि' म्हणायलाच जवळजवळ मिनिट जातं. आणि 'ओम्नेस' संपलं की तो डोलारा थांबतो आणि सगळे एका सुरात उरलेला साधा चांट म्हणू लागतात. ती जागा मी वर्षभर "इथे जरा पडतं" म्हणून पुढे ढकलत होतो!

तेव्हापासून माझा नियम: मूळ चांट ऐकल्याशिवाय त्यावरची रचना लावायची नाही. 'थेट भारी भाग लावा' म्हणणाऱ्यांसाठी मोबाईलवर रील आहेत.

"हा तर काफी!" हेही नेहमीचंच. डोरियन मोडचे (जुन्या चर्चसंगीतातली एक स्वरमालिका) स्वर काफी थाटाशी जुळतात, खरं आहे. पण थाट जुळला म्हणून राग झाला का? स्वर ओळखल्याचा आनंद दोन मिनिटं घ्या आणि पुढे ऐका.

एक गृहस्थ कीबोर्डवर सूर तपासत बसले आणि बाखला बेसूर ठरवून मोकळे झाले. वाद्यं ज्याला लावतात तो आजचा प्रमाण 'ए' हा सूर 440 हर्ट्झचा. बरोक, म्हणजे बाखच्या आसपासच्या काळातली वाद्यं वापरणारे वादक बहुधा 415 ला लावतात, म्हणजे अर्धा स्वर खाली. कीबोर्ड बाजूला ठेवा.

हार्पसिकॉर्डचा (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) आवाज वाढवू नका. त्यात तार छेडली जाते, पट्टी जोरात दाबली म्हणून सूर मोठा होत नाही. वादकाची करामत वेळेत असते: एखादा सूर किंचित उशिरा, एखादा जरा जास्त धरून.

'अल्बिनोनीचा अडाजिओ' ही संथ रचना बरोक काळातल्या अल्बिनोनीची म्हणून कुणाला ऐकवू नका. ती विसाव्या शतकातल्या रेमो जाझोत्तो या इटालियन संगीत-अभ्यासकाने 1958 मध्ये छापली.

ऑपेरा, म्हणजे गाऊन सांगितलेलं अख्खं नाटक, शफलवर लावणाऱ्यांशी मी बोलत नाही.

शेवटची चूक खास आपल्या कानांची: सम शोधणं. पर्सेल या इंग्रज संगीतकाराच्या ऑपेरातलं मरणाऱ्या डायडो राणीचं गाणं घ्या. आधी एकटा खर्ज (खालच्या वाद्यांची धून) अर्ध्या अर्ध्या स्वराने पायऱ्या उतरतो. पाच मापांचं आवर्तन, पुन्हा पुन्हा तेच. आपण लगेच मांडीवर हात ठेवून वाट बघतो की आता गायिका समेवर येईल. ती येत नाही. खालचं आवर्तन संपतं तेव्हा तिचं वाक्य अर्ध्यावर असतं; ती थांबते तेव्हा खर्ज पुढे निघालेला असतो. मी पहिल्या खेपेला फक्त खर्ज गुणगुणायला लावतो, दुसऱ्या खेपेला गायिका ऐकायची. ज्यांना गुणगुणायची लाज वाटते त्यांना हे गाणं अर्धंच मिळतं, असं माझं मत.

आणि ती गायची थांबली म्हणून टाळ्या नकोत. व्हायोलिनं अजून दोन आवर्तनं वाजवत खाली खाली उतरत असतात. त्या वेळात आमच्याकडे जो बोलतो, त्याला चहा सगळ्यात शेवटी मिळतो.